मुनीम बदलण्यापूर्वी

संध्याकाळी दुकान बंद होण्याच्या वेळी मुनीम येऊन सांगतो की रोकड वहीशी जुळत नाही. अशा वेळी जाणता शेठ मुनिमाला तिथल्या तिथे कामावरून काढून टाकीत नाही. तो पावत्या मागवतो, बेरीज पुन्हा करायला लावतो, उधारीची नोंद राहून गेली आहे का ते पाहतो. तफावत बहुधा तेथेच कुठेतरी सापडते. मुनिमाचा दोष निघालाच, तर तो सर्वांत शेवटी निघतो. व्यापारी घराण्यांनी ही शिस्त पिढ्यान्पिढ्या सांभाळली आहे. नवल असे की मोटारीच्या बाबतीत तीच घरे ही शिस्त विसरतात. समोरच्या काचेखाली इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, कोणीतरी फोनवर ‘सेन्सर गेला असेल, बदलून टाका’ असे सांगतो आणि तासाभरात नव्या सेन्सरची मागणी नोंदवलीही जाते. बातमी आणणाऱ्या मुनिमालाच घरी पाठवण्याचा हा प्रकार आहे.

एक उदाहरण कल्पनेतले घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकांना मात्र ते परके वाटणार नाही. राहुरीच्या बाजारपेठेत भुसार मालाचे दुकान असलेले एकत्र कुटुंब. दारात आठ-नऊ वर्षांची पेट्रोलवर चालणारी मोटार. घरातल्या आजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नगरला न्यावे लागते. जिल्ह्याचे नाव बदलले तरी बोलण्यात अजून ‘नगर’च येते. त्या दोन दिवशी गाडी चालू असणे ही सोय नसते, ती गरज असते. नगर-मनमाड रस्त्यावर ऐन एप्रिलच्या दुपारी गाडी थांबली तर त्याचा अर्थ काय होईल, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

अशा घरात एके दिवशी दिवा लागतो. गाडी सुरू करताच रेडिएटरचा पंखा फिरू लागतो आणि थांबतच नाही. तापलेली गाडी बंद करून पुन्हा सुरू करताना अडखळते, पेट्रोल जास्त लागते, मागून येणाऱ्या धुराला उग्र वास येतो. दुसऱ्या दिवशी दिवा आपोआप विझतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा लागतो. ओळखीचा मिस्त्री फोनवरच निकाल देतो. बी.कॉम. झालेला नातू लगेच मोबाईलवर सेन्सर शोधू लागतो. तेव्हा आजोबा एवढेच विचारतात, “अरे, माल काट्यावर न चढवता आपण कधी बिल चुकते केले आहे का?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आधी हा सेन्सर काय काम करतो ते समजून घेतले पाहिजे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा तिच्यात कार्ब्युरेटर होता. थंडीच्या सकाळी चोक ओढायचा आणि इंजिन तापले की सोडायचा, हा निर्णय चालकाचा असे. पुढे प्रदूषणाचे निकष कडक होत गेले. भारत स्टेज चार हा टप्पा १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाला आणि भारत स्टेज सहा १ एप्रिल २०२० पासून. इतक्या काटेकोर प्रमाणात पेट्रोल मोजणे माणसाच्या हाताला शक्य नव्हते. ते काम इंजिनाच्या संगणकाकडे गेले. हा संगणक डब्यात बंद असतो, त्याला स्वतःचे डोळे नाहीत की कान नाहीत. हवा किती आली, आस किती वेगाने फिरतो, धुरात प्राणवायू किती उरला, इंजिन किती तापले, हे सारे त्याला सेन्सर कळवतात. सेन्सर म्हणजे गावोगावचे भाव कळवणारे आडत्याचे हस्तकच.

या कामाशी नगरचा जुना संबंध आहे, हे येथील पुष्कळांच्या ध्यानात नसते. नव्या मोटारीचा नमुना विक्रीपूर्वी कोणत्या संस्थेने तपासावा, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ सांगतो. त्यातले पहिले नाव संरक्षण मंत्रालयाच्या वाहन संशोधन व विकास संस्थेचे आहे, आणि ती संस्था नगरमध्ये आहे. ज्या शहराजवळ गाड्या नियमाला उतरतात की नाही हे मोजले जाते, त्याच्या परिसरात तरी गाडीचा दोष अंदाजाने ठरवला जाऊ नये.

उदाहरणातील गाडीत संशय आहे तो कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरवर. पितळी टोकाचा, बोटभर लांबीचा हा छोटा भाग. बहुतेक गाड्यांत तो थर्मोस्टॅटच्या घराजवळ बसवलेला असतो आणि त्याचे टोक कूलंटमध्ये बुडालेले असते. आत एक विद्युतरोधक असतो. तो थंड असताना रोध जास्त आणि तापला की कमी. अनेक गाड्यांत साध्या हवेच्या तापमानाला हा रोध दोन-तीन हजार ओहम असतो आणि ८० अंश सेल्सिअसला सुमारे तीनशे ओहमपर्यंत उतरतो. नेमके आकडे त्या त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असतात. संगणक या रोधावरून तापमान ओळखतो. तार तुटली किंवा सेन्सर आतून उघडा पडला तर रोध अमर्याद होतो. संगणकाला वाटते की इंजिन उणे ४० अंशांवर गोठले आहे. राहुरीत उन्हाळ्यात उणे ४० अंश असू शकत नाही, एवढे त्याच्या लक्षात येते. मग तो दिवा लावतो, ठरावीक आकडा गृहीत धरून काम चालवतो आणि धोका नको म्हणून बहुतेक गाड्यांत पंखा सतत चालू ठेवतो. पंखा न थांबण्याचे कारण हे.

दिव्यामागची नोंद वाचणे आता घरबसल्या शक्य आहे. २०१३ नंतरच्या बहुतेक चारचाकी गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा टाचण्यांचे एक सॉकेट असते. त्यात काडेपेटीएवढे ब्लूटूथ यंत्र बसवले की मोबाईलवर दोषाचा क्रमांक दिसतो. या गाडीत ‘पी ०११८’ असा क्रमांक निघतो. त्याचा अर्थ, कूलंट तापमानाच्या मंडलाकडून येणारा संकेत मर्यादेपेक्षा जास्त आहे. ‘मंडल’ हा शब्द येथे महत्त्वाचा. मंडलात सेन्सर येतो, त्याचा जोड येतो, दोन तारा येतात आणि संगणकही येतो. क्रमांकाने केवळ गल्ली सांगितली आहे. घर शोधायचे राहिले आहे.

भुसार व्यापाऱ्याच्या घरी पहिला संशय उंदरांवर जातो, आणि तो रास्तच आहे. धान्याच्या गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीचे बॉनेट म्हणजे उंदरांसाठी उबदार घर. तारांवरचे आवरण कुरतडले गेले की सेन्सर धडधाकट असूनही दिवा लागतो. नवा सेन्सर बसवला तरी दिवा जात नाही. पैसे जातात आणि वर ‘माल खराब निघाला’ म्हणून दुकानदाराशी वाद होतो. म्हणून बॉनेट उघडल्यावर पहिले काम डोळ्यांचे. विजेरी घेऊन सेन्सरपासून निघणाऱ्या तारा जेथवर दिसतील तेथवर पाहाव्यात. लेंड्या, कुरतडलेला स्पंज, धान्याची टरफले ही उंदरांची सही असते. उदाहरणातील गाडीत टरफले सापडतात आणि एका तारेच्या टेपवर दातांच्या खुणाही आहेत, पण आतली तांब्याची तार शाबूत आहे.

उंदरांसाठी विषारी गोळ्या ठेवण्याची कल्पना कोणी मांडली तर या मासिकाच्या घरांतून ती मान्य होणार नाही, आणि तिची गरजही नाही. विष खाल्लेला उंदीर इंजिनाच्या कोपऱ्यात मरून पडतो आणि त्याला खाणारे मांजर किंवा घुबडही दगावते. तारांवर जाड पन्हळी नळी चढवणे, गाडीखालची जागा धान्यापासून स्वच्छ ठेवणे, गाडी गोदामाच्या भिंतीपासून दूर लावणे आणि पिंजऱ्यात सापडलेला उंदीर दूर सोडणे, एवढ्याने बराच फरक पडतो. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारण्याची सवयही चांगली. उबेला बसलेले मांजर त्यामुळे निघून जाते.

डोळ्यांनंतर काट्याची पाळी. इंजिन थंड असताना सेन्सरचा जोड कुलूपपट्टी दाबून सोडवायचा. दोन टाचण्यांचा सेन्सर असेल तर जोडाच्या दोन्ही छिद्रांना बारीक तारेने एकमेकांशी जोडायचे, किल्ली फिरवायची, पण इंजिन सुरू करायचे नाही, आणि मोबाईलवर तापमान पाहायचे. उणे ४० वर अडकलेला आकडा एकदम शंभराच्या पुढे गेला तर तारा आणि संगणक निर्दोष आहेत. आकडा हललाच नाही तर दोष तारांमध्ये किंवा संगणकात आहे आणि नवा सेन्सर घेणे व्यर्थ आहे. तीन-चार टाचण्यांच्या सेन्सरवर मात्र पुस्तिका न पाहता हा प्रयोग करू नये. नातू तार लावतो, आकडा उडी मारतो. तारा सुटल्या. आता आरोप खरोखर सेन्सरवर येतो. जोडात वाकून पाहिले तर टाचण्यांवर हिरवा गंज दिसतो. सेन्सरच्या रबरी कड्यातून कूलंट झिरपून जोडापर्यंत पोहोचले आहे.

पुरावा मिळाला, तेव्हा खरेदी. बहुतेक छोट्या गाड्यांसाठी हा भाग काहीशे रुपयांत मिळतो. भाग क्रमांक गाडीच्या चासी क्रमांकावरून जुळवून घ्यावा, कारण दिसायला सारख्या दोन सेन्सरांचे ओहम वेगळे असू शकतात आणि चुकीचा सेन्सर संगणकाला रोज खोटे भाव कळवत राहतो. पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के आहे. तो वाचवण्यासाठी बिनबिलाचा माल घेतला तर हमी आणि तक्रारीचा हक्क दोन्ही जातात. स्वतः दुकान चालवणाऱ्यांना हे अधिक सांगायला नको.

बदलण्याचे काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे, पण त्याची पहिली अट संयमाची. इंजिन पूर्ण थंड हवे. रात्रभर उभी असलेली गाडी सर्वांत चांगली. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या पातेल्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण मात्र कुकरच्या शिटीप्रमाणे आत दाब धरून ठेवते, म्हणून आतले द्रव शंभर अंश ओलांडूनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले की दाब सुटतो, द्रव एका क्षणात वाफ होऊन उसळते आणि चेहरा व हात भाजतात. घाईची किंमत येथे रुपयांत मोजता येत नाही.

त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडवावी, कारण काही गाड्यांत किल्ली काढलेली असतानाही पंखा अचानक फिरू शकतो. सेन्सरखाली पसरट ट्रे ठेवावा. नवा सेन्सर नव्या रबरी कड्यासह हाताशी ठेवून जुना सोडवावा आणि लगेच नवा बसवावा, म्हणजे कूलंट थोडेच सांडते. पहिले आटे पान्याने न फिरवता बोटांनी बसवावेत. आटे वाकडे बसले तर बोटांना कळते, पान्याला कळत नाही. शेवटची आवळणी पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकीच. सेन्सर ज्या घरात बसतो ते अनेक गाड्यांत ॲल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे असते. जोर दाखवला तर ते तडकते आणि काहीशे रुपयांचे काम काही हजारांवर जाते. जोडातला गंज त्यासाठीच्या फवाऱ्याने स्वच्छ करून मगच जोड बसवावा. टाचण्या आतून झिजल्या असतील तर जोडही नवा घालावा लागतो.

ट्रेमध्ये सांडलेल्या थोड्या द्रवाकडे दुर्लक्ष होऊ नये. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास अत्यंत विषारी असते. अंगणातल्या डबक्यातून कुत्रे, मांजर किंवा गाय ते चाटते आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरते. ज्या घरात एका माणसाच्या मूत्रपिंडासाठी आठवड्यातून दोनदा धावपळ चालते, त्या घराला याहून अधिक सांगण्याची गरज नाही. सांडलेले कूलंट फडक्याने टिपून, जमिनीवर पाणी टाकून जागा धुवावी. जमा झालेले द्रव झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे, गटारात ओतू नये.

जुना सेन्सर हाती आला की शेवटची परीक्षा घेता येते. स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या भांड्यात पाणी तापवून, त्यात सेन्सरचे फक्त टोक बुडवून मल्टिमीटरने रोध मोजावा. पाणी तापत जाईल तसा आकडा सावकाश उतरला पाहिजे. उदाहरणातील सेन्सर कधी आकडा दाखवतो, कधी काहीच दाखवत नाही. निकाल पक्का झाला. पण नातवाचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. पितळी टोकावर पांढरा, टणक थर बसला आहे, जसा बोअरचे पाणी तापवणाऱ्या बंबाच्या तळाशी बसतो तसाच.

खरी तफावत येथे सापडते. दोन उन्हाळे कूलंट कमी झाले की दुकानावरचा मुलगा समोरच्या नळाचे पाणी रेडिएटरमध्ये ओतत आला. त्यात कोणाचे काही वाईट करण्याचा हेतू नव्हता. पाणीच तर घालायचे, अशी समजूत. जिल्ह्याच्या अनेक भागांत बोअरचे पाणी जड आहे. त्यातील क्षार तापलेल्या धातूवर बसतात, आणि कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये पातळ होत गेली की धातू खाल्ले जातात, जोडांतून झिरपा सुरू होतो. सेन्सर बदलला आणि पाणी तसेच राहिले तर नवा मुनीमही दोन वर्षांत त्याच वहीवर आजारी पडेल. म्हणून सर्व कूलंट काढून, यंत्रणा धुऊन, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचे तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये योग्य प्रमाणात मिसळलेले कूलंट भरावे लागते. निरनिराळ्या प्रकारांची कूलंट एकमेकांत मिसळू नयेत. भरल्यावर आत अडकलेली हवा पुस्तिकेतील रीतीने काढावी, कारण सेन्सरच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला तर नवा सेन्सरही चुकीचे तापमान सांगतो. शेवटी जुन्या नोंदी पुसून, गाडी जागेवर चालू ठेवून, पंखा योग्य तापमानाला एकदा सुरू होऊन पुन्हा बंद होतो की नाही ते पाहावे. दुसऱ्या सकाळी थंड गाडीत कूलंटची पातळी पुन्हा तपासावी.

घरी काय करू नये, हेही स्पष्ट असावे. हमीच्या मुदतीतील गाडी अधिकृत केंद्रातच न्यावी. सीएनजीची यंत्रणा, एअरबॅग, हायब्रिड वा विजेवरील गाडीच्या नारिंगी तारा आणि डिझेलची उच्च दाबाची इंधननळी यांना घरच्या पान्याने हात लावू नये. तापमानाचा काटा लाल रेषेकडे जात असेल तर सेन्सरची चर्चा बाजूला ठेवून गाडी तत्काळ थांबवावी. आपली मर्यादा ओळखून काम सोपवणे यात कमीपणा नाही. पेढीवर तरी प्रत्येक काम शेठ स्वतः कुठे करतो?

एक मोह मात्र टाळलाच पाहिजे. दिव्याचा त्रास नको म्हणून तो बंद करून घेण्याचा, किंवा ओळखीने पीयूसी मिळवण्याचा. बिघडलेल्या संकेतावर चालणारे इंजिन जास्त पेट्रोल जाळते आणि त्याचा धूर मागच्या दुचाकीवरील मूल श्वासात घेते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्या वाहनासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. दंड होवो न होवो, खोटी वही ती खोटीच.

गाडी दुरुस्त झाली, एवढाच या उदाहरणाचा लाभ नाही. घरातल्या तरुणाला कळले की यंत्रही पुराव्यानेच बोलते. आजोबांना कळले की काट्याची सवय बॉनेटखालीही चालते. आणि ज्याने पाणी ओतले त्या मुलावर कोणी रागावले नाही. त्याला कूलंटचा डबा दाखवून तो कुठे ठेवला आहे ते सांगितले गेले. आजींच्या पुढच्या फेरीला गाडी वेळेवर निघाली. पंखा जेव्हा लागायचा तेव्हाच लागला.

दुकानाच्या एका जुन्या वहीत आता गाडीचे एक पान आहे. त्यावर तारीख, किलोमीटर, सेन्सरचा भाग क्रमांक आणि बिलाचा क्रमांक लिहिला आहे. शेवटच्या रकान्यात आजोबांच्या अक्षरात एक ओळ आहे : ‘रेडिएटरमध्ये नळाचे पाणी बंद.’